दोन्ही हात मांड्याखाली

चुलीवरच्या उलट्या मातीच्या खापरावर टाकण्याआधी पुरणाचा मांडा हातांवरच वाढवावा लागतो. तो कोपरापर्यंत पसरला की डोक्यावरून घसरलेला पदरही सावरता येत नाही. पारोळ्याला येणारे पर्यटक नेमके तेव्हाच मोबाइल उगारत. मांडे करणाऱ्या यशोदाबाई कितीदा नको म्हणाल्या, पण लोक हसायचे आणि फोटो काढायचेच.

आज पर्यटन कंपनीची मृणाली मात्र फोटो काढून त्यांच्याशेजारी येऊन बसली. "अक्का, हा आमच्या ॲपवर टाकू का? तुम्ही नाही म्हणालात तर नाही टाकणार."

यशोदाबाईंनी फोटो निरखून पाहिला. झकास आला होता.

"नको टाकू," त्या म्हणाल्या.

मृणालीने वाद घातला नाही. त्यांच्यादेखत फोटो डिलीट केला.

यशोदाबाईंनी खापरावरचा गरम मांडा घडी घालून तिच्या ताटात वाढला, वर तुपाची धार सोडली. "तुनं भलं होवो, बेटा."

मग पदर डोक्यावर नीट घेऊन टोक कमरेला घट्ट खोचलं आणि पुरण भरलेल्या कणकेचा नवा उंडा हातावर घेतला.

"आते काढ फोटो. नई म्हनं तं कोनी ऐकस का, इतलंच माले देखनं व्हतं."