यंत्रयुग

यंत्रयुगात अडाणी माणसाला जागा नाही, असं १९४६ साली बुऱ्हाणपूरच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष, वकील दिगंबरपंत, भर सभेत ठणकावून सांगत होते. तेवढ्यात अँप्लिफायर गुरगुरला आणि गप्प झाला. मशीन सांभाळणाऱ्या लोटूनं झाकण उघडलं.

"पंतसाहेब, अंदर पानी गेलंय. सुकवतो, एक व्हॉल्व्ह बदलतो. चालेल."

"पाणी? आठवडाभर थेंब नाही पडला! तूच कुठं भिजवलंस, गधड्या! मशीन बदलू आणि तुलाही. चालता हो!"

पुढच्या चतुर्थीला मुंबईहून नवं मशीन आलं. लोटू नव्हता.

पंतांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि दरसालप्रमाणे वरच्या जाळीतून तांब्याभर तापीचं पाणी सोडलं.