सरळ चिती, तिरपी चिती

"चूक," कांदा चिरता चिरता आई म्हणाली. "पुन्हा सांग."

उद्या तोंडी परीक्षा. गणितात एकदा गचकलेली मुलगी भिंतीशी उभी. हातात कंपासपेटीतला गुण्या.

"त्रिकोणी चिती म्हणजे तंबू. षटकोनी चिती म्हणजे पेन्सिल. तिरपी चिती म्हणजे आपली ही खोली."

"अगं बाई, खोली सरळ चिती. तिरपी कशी असेल?"

सरळ चिती: बाजूच्या कडा पायावर काटकोनात उभ्या.

तिरपी चिती: पाया तोच, माथा तेवढाच, कडा कललेल्या.

हे आईनेच शिकवले होते, टेबलावर पत्त्यांचा कॅट ठेवून. तळहाताने तिने तो वरून हलकेच ढकलला. पत्ते एकमेकांवरून सरकले, कॅट एका अंगाला झुकला. मुलीला तेव्हाच कळले. परवा तर तिने सगळे घडाघडा म्हणून दाखवले होते. खोलीसुद्धा.

"दोन दिवसांत पाटी कोरी? लक्ष कुठे असतं तुझं?"

मुलीने कोपऱ्यात गुण्या टेकवला. एक कड फरशीवर, दुसरी भिंतीला. वरच्या टोकाशी फट राहिली. आई सुरी हातात घेऊनच वाकली. मग मुलीने तो समोरच्या भिंतीला लावून पाहिला. तिथे वरचे टोक टेकले आणि फट खाली राहिली. दोन्ही भिंती एकाच दिशेला कलल्या होत्या.

खाटेवरच्या आजीला हसू आले. "घर म्हातारं झालं की वाकायचंच. मी नाही का वाकले?"

"गवंड्याचा हात वाकडा, दुसरं काय," आई म्हणाली. "पहिल्यापासून अशीच असणार. आपलंच लक्ष गेलं नाही." मग मुलीकडे वळून, "पण मग परवा सरळ का म्हणालीस?"

"परवा गुण्या भिंतीला चिकटून बसला होता."

आईने सुरी खाली ठेवली. गॅस बंद केला. भिंतीकडे नुसती बघत राहिली. पायाखाली तीन मजले होते, माणसांनी भरलेले. मग ती खाटेपुढे पाठमोरी बसली आणि आजीचे हात तिने आपल्या गळ्यात ओढून घेतले.

"तू पुढे हो," ती मुलीला म्हणाली. "उतरताना दिसेल ते दार वाजव."

"आणि सांगू काय?"

"तुझं उत्तर."