रेघेच्या उत्तरेचं घर

"चलन?" देओलिंदाबाईंनी वहीतून मान वर न काढता विचारलं.

"डोब्रा. आणि लिहा, उरले तर इथंच खर्चून जा. देशाबाहेर त्यांना कुत्रं विचारत नाही."

बाई हसल्या. साओ तोमे शहरातल्या शाळेत त्या शिकवत. प्रवाशांसाठी माहितीपत्रक करायला दक्षिणेच्या या टीचभर बेटावर आल्या होत्या. म्हाताऱ्या फ्रादिकनं त्यांना अंगणातल्या पांढऱ्या दगडापाशी बसवून भाजलेला नीरफणस पुढं ठेवला होता. विषुववृत्त या दगडावरून जातं, म्हणून प्रवासी येत. एक पाय उत्तरेत, एक दक्षिणेत ठेवून फोटो काढून घेत.

"कोरडे महिने?"

"जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत आम्ही दोघं भाऊ उडते मासे धरायला जायचो. तो वल्हवायचा, मी गायचो. मासे माझ्या गाण्याला भिऊन होडीत पडतात, म्हणायचा."

"आज तुमच्या भावाला, अम्ब्रोझिओकाकांना, त्यांची मुलगी लिस्बनला नेतेय ना? कायमचं. चारची बोट आहे. भेटून या की."

"मी रेघ ओलांडत नाही, बाई."

बेटावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकेचाळीस वर्षांपूर्वी होडी विकण्यावरून भाऊ भांडले. फ्रादिकनं आईची शपथ घेतली, विषुववृत्ताच्या दक्षिणेला पुन्हा पाऊल टाकणार नाही. रेघ नेमकी कुठून जाते ते मात्र अम्ब्रोझिओलाच माहीत. मोजणीवाले आले तेव्हा साखळीचं टोक त्यानं धरलं होतं. त्यानं मुकाट्यानं जागा दाखवली, दगड रोवून दिला. फ्रादिकनं दगडाच्या उत्तरेला दहा पावलांवर घर बांधलं. नंतर दक्षिणेला धक्क्याजवळ राहणारा अम्ब्रोझिओ दोनदा येऊन गेला. फ्रादिकनं दार उघडलं नाही. आता अम्ब्रोझिओचे पाय गेले होते.

"एवढी जुनी शपथ," बाई म्हणाल्या.

"आई जुनी होते का?"

बाईंनी विषय सोडला. पत्रकात अक्षांशाचे अचूक आकडे हवेत म्हणून मोबाइल काढला. त्यात बघत बघत त्या दगडापासून घरापर्यंत गेल्या, मग घरामागची टेकडी चढून पलीकडे दिसेनाशा झाल्या. बऱ्याच वेळानं परतल्या.

"काका, रेघ इथं नाही. टेकडीच्या पार पलीकडे आहे."

"कोण म्हणतं?"

"हे यंत्र. तीनदा पाहिलं."

"मग माझं घर?"

"दक्षिणेत."

फ्रादिक दगडाकडे पाहत राहिला. शपथ मोडायची आता राहिलीच नव्हती. तो उठला, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि बटणं लावत लावत नारळींतून धक्क्याकडे निघाला.

बोट लागली होती. अम्ब्रोझिओ खुर्चीत बसला होता. पार वाळला होता. मुलगी सामान चढवत होती.

फ्रादिकला धाप लागली होती. काय बोलावं ते सुचेना, म्हणून तो चिडला.

"गाढवा, एक रेघ धड दाखवता आली नाही तुला. साखळी धरली होतीस की माकडाचं शेपूट?"

अम्ब्रोझिओनं त्याचा हात धरून शेजारी बसवलं.

"खरी जागा दाखवली असती, तर टेकडीपलीकडे जाऊन राहिला असतास. मग रोज सकाळी तुझ्या चुलीचा धूर मला कुठून दिसला असता?"