खाली कोण हवा ओढतंय?

आमच्या ओरुरोच्या खाणीवरचा नवा कॉम्प्रेसर शहाणा आहे. एका फिरत्या स्क्रूत हवा दाबतो, थंड करतो, दुसऱ्या स्क्रूत पुन्हा दाबतो आणि पाइपातून खाली ड्रिलना पाठवतो. खाली कुणी हवा ओढत नसेल, तर आपोआप शांत होतो.

शनिवारी दुपारी पाळीचे कामगार वर आले, तरी तो गुरगुरतच राहिला.

"कोणत्या दिवट्यानं नळ उघडा टाकला?" मी ओरडले. "वीज काय तुमच्या सासऱ्याच्या घरची आहे?"

मुकादम इलारिओन कोकाची पानं चघळत म्हणाला, "बेनिताबाई, सगळे नळ मी स्वतः बंद केलेत. आईशप्पथ."

"मग पाइप फुटला असेल."

"सकाळीच तपासलाय. तुमच्यासमोर."

"मग काय डोंगर श्वास घेतोय?"

सगळे हसले. वर आलेला प्रत्येक जण आपला दिवा खुंटीवर टांगतो; मी ते दिवे मोजले. एकही कमी नव्हता. दाबाचा काटा मात्र पडायचा, सावरायचा, पुन्हा पडायचा. अगदी खाली ड्रिल चालू असल्यासारखा.

"मरा मेल्यांनो," म्हणत मी खाली जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह गच्च आवळला. कॉम्प्रेसर लगेच शांत झाला.

तेवढ्यात पाइपवर खालून तीन ठोके पडले. आमच्यात त्याचा अर्थ एकच: हवा सोडा.

इलारिओनचं चघळणं थांबलं.

पुन्हा तीन ठोके. त्यात दुसरे ठोके मिसळले, मग आणखी.

"अरे, आहात तरी किती जण?" मी वैतागून पाइपाशी तोंड नेऊन ओरडले.

ठोके थांबले. मग एक ठोका पडला. जरा वेळानं दुसरा, वेगळ्या हाताचा. मग तिसरा.

ती हजेरी संपेचना.