शास्त्रात कुठंय?

"शास्त्रात कुठंय ते दाखव, मग कोरतो," पाथरवट म्हणाला आणि त्यानं छिन्नी खाली ठेवली.

बायको दुकानाच्या दारात उभी होती. गिऱ्हाइकाचं काम सांगायला आली होती. थडग्याचा दगड, वर नावापुरती जागा आणि खाली एकच ओळ: 'याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा.'

"मेलेला माणूस देवाच्या हातात गेला," तो म्हणाला. "आता मागून कुणी कितीही प्रार्थना केली तरी काय उपयोग? तुझ्या पोपसाहेबांचं काय, ते रोज नवीन काढतील."

"पोपसाहेबांना राहू द्या बाजूला. आमच्या शास्त्रात आहे ते. तुमच्या लोकांनी बायबलातली सात पुस्तकं गाळली, त्यात गेलं."

"गाळली कुठं? ती मुळात नव्हतीच."

"हे कुणी ठरवलं? तुम्ही?"

हा वाद त्यांच्या लग्नाइतकाच जुना. तो प्रोटेस्टंट, ती कॅथलिक. रविवारी दोघं बरोबर निघायची. कोपऱ्यावर ती डावीकडे वळायची, तो उजवीकडे, आणि परतताना जो आधी येईल तो कोपऱ्यावर थांबायचा. बाकी संसार एकाच ताटातला. पण ही ओळ त्यानं जन्मात कधी कोरली नव्हती. तिच्या चर्चची माणसं यायची, गयावया करायची आणि 'शास्त्रात कुठंय?' ऐकून दुसऱ्या गावचा पाथरवट गाठायची. गल्लीत त्याला शास्त्रीबुवा म्हणायचे ते उगाच नाही.

आणि खरं सांगायचं तर आज गिऱ्हाईक कुणी आलंच नव्हतं.

डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून सांगितलं होतं. दगडाची धूळ छातीत बसून घट्ट झाली आहे, पुढचा हिवाळा काही तो बघत नाही. बाहेर तो बाकावर बसला होता.

"काय म्हणाले?"

"धूळ आहे म्हणे. औषधानं जाईल."

"बाबांनाही धूळच होती," तो म्हणाला आणि हसला. त्याचे वडीलही पाथरवटच होते.

तेव्हापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. तो जाणार, आणि त्याच्या मतानं तो गेला की तिनं हात बांधून बसायचं. इतकी वर्षं ज्याचं पान वाढलं, ज्याच्या पाठीला तेल चोळलं, त्याच्यासाठी देवाकडे दोन शब्दही मागायचे नाहीत? कसं सोसायचं माणसानं? तिला त्याच्या थडग्यावर ती ओळ हवी होती. पण दफनभूमी त्याच्या लोकांची, तिथले पाळक तसला दगड उभा करू देणार नाहीत. मात्र तो शास्त्रीबुवाच्या स्वतःच्या हातचा असला, तर त्यांची जीभ उचलणार नाही.

शिवाय तिचा आपला एक हिशेब होता. तान्ह्या बाळाला कुठं काय कळतं? तरी डोक्यावर पाणी पडलं की बाप्तिस्मा होतोच. तसंच हे. हात चालला म्हणजे होकार झाला, मनाचं देव बघून घेईल. फसवणूक होती, हे तिला कळत होतं. फादरांकडे पापकबुलीला गेली तेव्हा नेमकं एवढंच सांगायचं तिनं टाळलं.

"शास्त्र काय यादीसकट आभाळातून पडलं?" ती आता म्हणाली. "कुठलं पुस्तक खरं, ते चर्चनंच ठरवलं ना?"

"तराजू सोनं तोलतो. सोनं बनवत नाही."

"आणि तराजूच फेकून दिलात तर तोलणार कशात?"

एरवी यावर त्यानं तासभर तिचं डोकं खाल्लं असतं. आज खोकल्याची उबळ आली. खोकत राहिला. खोकला थांबल्यावर मिशीवरची धूळ पुसत त्यानं विचारलं, "गिऱ्हाईक कोण आहे?"

"एक बाई. नवऱ्याचा दगड आहे."

"फार रडते का?"

"लोकांसमोर नाही."

"या ओळीनं बरं वाटेल तिला?"

"वाटेल."

"नाव काय घालायचं?"

"नंतर सांगते म्हणाली. जागा सोडा."

"किती?"

तिनं नकळत वीत पसरून दाखवली. "एवढी पुरे."

तो त्या वितीकडे बघत राहिला. मग उठला आणि मागच्या भिंतीला टेकवलेला काळा दगड पुढे ओढू लागला. चांगल्या चांगल्यांनी मागूनही त्यानं तो दिला नव्हता. तिनं धावत जाऊन हात लावला.

काम रेंगाळलं. एक अक्षर झालं की बसायचं, दम खायचा. ती चहा घेऊन आली की तो दगडावर गोणपाट टाकायचा. अर्धं काम दाखवत नाही म्हणायचा.

"तुझ्या बाईला सांग, घाई करू नकोस."

"तिला घाई नाही हो," ती म्हणाली. "अजिबात नाही." आणि न्हाणीघरात जाऊन, नळ मोठा सोडून, पोटभर रडली.

एका दुपारी तो घरात आला. चेहरा पांढराफटक पडला होता. "झाला दगड. तुझ्या बाईला म्हणावं, बघून जा." आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

तिनं त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि दुकानात आली. गोणपाटाला हात घातला, पण उचलवेना. ओळ मिळाली होती, पण तो गेल्यावर वरची ती जागा भरायला आपल्यालाच कुणा परक्या पाथरवटाकडे जावं लागणार, त्याला हे नाव उच्चारून सांगावं लागणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं. शेवटी तिनं डोळे पुसले आणि गोणपाट बाजूला केलं.

जागा रिकामी नव्हती. तिथे त्याचं स्वतःचं नाव होतं, बरोबर तिच्या वितीत बसलेलं. त्याखाली ती ओळ होती, तिनं सांगितली तशीच. आणि ओळीच्या खाली, बारीक अक्षरात, तिनं न सांगितलेलं एक वाक्य त्यानं कोरलं होतं: 'शास्त्रात नसलं तरी.'