चाळिसावी फीत

"तुझ्या मागे कोण आहे?" शलाकाने विचारलं.

"कोणी नाही, मीच शेवटचा," म्हणत मी मूठभर केशरी फिती तिच्या हातात दिल्या. पुढच्याने वाट दाखवायला झाडांना फिती बांधायच्या आणि शेवटच्याने त्या सोडून गोळा करत यायच्या, हा आमच्या आठ दिवसांच्या डोंगरवाटेवरचा रिवाज.

तिने मुक्कामावरची माणसं मोजली. तिचे बाबा नव्हते. कोणीतरी म्हणालं, ते पाणी भरायला झऱ्यावर उतरले होते. मागून येताना मला ते दिसलेच नाहीत. झऱ्यापुढच्या पठारावर वाटेला फाटा फुटतो आणि डावी वाट थेट कड्यावर जाऊन संपते. बाबांच्या पुढची प्रत्येक खूण मी सोडून आणली होती.

शलाका फिती मोजत बसली. "मी चाळीस बांधल्या होत्या. या एकोणचाळीस आहेत. कुठली राहिली?"

मला आठवेना. आम्ही माघारी निघणार, तोच कारवीच्या झुडपांतून बाबा आले आणि एक फीत माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "असं अर्धवट काम करू नये, बाळा. फाट्यावरची तशीच राहिली होती."