वाडग्यावरची बोटं

संग्रहालयाची माणसं गेली आणि रिकाम्या झालेल्या कपाटापाशी कारखानीस एकटेच उभे राहिले. चाळीस वर्षं जमवलेली जुनी चिनी कलाकुसर, जेडच्या हिरव्या दगडात कोरलेली बदकं नि म्हशी, काचेसारख्या झिलईची भांडी, सगळं त्यांनी आनंदानं देऊन टाकलं होतं. संग्रहालयानं नाकारला तो फक्त एक फिकट हिरवा वाडगा. त्याच्या बुडाशी तीन ठिकाणी झिलई लागलीच नव्हती.

गच्चीसाठी मातीच्या कुंड्या घेऊन आलेल्या सगुणाबाई कुंभार त्या वाडग्यापाशी थबकल्या.

"हात लावू का, सायेब?"

"लावा. सदोष आहे तो."

बाईंनी पदराला हात पुसले, वाडगा उलटा धरला आणि तीन बोटं त्या तीन डागांवर ठेवली. बोटं नेमकी बसली.

"ह्यो दोष न्हाई, सायेब. झिलईत बुडवताना भांडं धरावं लागतंय. आमी बी गेरूत असंच बुडवतो. ज्यानं केलं, त्याची बोटं हायती ही." मग वाडगा उजेडाकडे फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "काय हात असंल हो! कुठंबी ओघळ न्हाई."

वाडग्याचा काळ, भट्टी, राजवट कारखानीसांना तोंडपाठ होती. तो घडवणारा माणूस मात्र त्यांना आजवर दिसलाच नव्हता. त्यांनी आपली बोटं त्या खुणांवर टेकवली.

"बाई, बसा जरा," ते म्हणाले. "तुम्ही हा वाडगा कसा घडवला असता, ते मला पहिल्यापासून सांगा."